भाता, जुने भिंग आणि जिवंत कीटक

या स्मरणिकेसाठी ‘छायाचित्रणाचा छंद’ या विषयावर काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली. छंदाविषयी लिहायचे म्हटले की आनंद, विरंगुळा, सौंदर्यदृष्टी हे शब्द आपोआप येतात आणि लेख कोणालाही न दुखावता संपतो. माझा हेतू थोडा वेगळा आहे. चित्रकलेचा शिक्षक म्हणून निवासी शाळांतील मुलांबरोबर बरीच वर्षे काढल्यानंतर, आणि फुले व कीटक यांची निकटची छायाचित्रे घेण्यात त्याहूनही अधिक वेळ घालवल्यानंतर, माझे एक मत पक्के झाले आहे. ते असे : टाचणीने टोचलेल्या कीटकांची पेटी शाळेने यापुढे विद्यार्थ्यांकडून करवून घेऊ नये, तिच्या जागी प्रयोगशाळेत एक भाता आणि एनलार्जरचे एक जुने भिंग ठेवावे, आणि मारून किंवा थंड करून टिपलेल्या कीटकाचे छायाचित्र कितीही सुरेख असले, तरी ते शाळेच्या प्रदर्शनात लावू नये.

भाता म्हटल्यावर लोहाराचा किंवा बाजाच्या पेटीचा भाता डोळ्यांसमोर येतो. छायाचित्रकाराचा भाता वारा घालत नाही, काळोख सांभाळतो. घड्यांचे, बाहेरून प्रकाश आत येऊ न देणारे हे कापडी किंवा चामडी नळकांडे एका दांडीवर मागेपुढे सरकते. त्याच्या एका तोंडाला कॅमेरा बसतो, दुसऱ्या तोंडाला भिंग. भाता जितका ताणावा तितके भिंग कॅमेऱ्यापासून दूर जाते आणि समोरची वस्तू तितकी मोठी उमटते. यात वीज नाही, मोटार नाही, बिघडण्यासारखेही फारसे काही नाही. घडीच्या कोपऱ्यावर बारीक भोक पडले तर काळी चिकटपट्टी लावून काम भागते.

एनलार्जरच्या भिंगाची कथा जरा उदास आहे. तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ असे, त्याच्या मागे एक काळोखी खोली असे, आणि त्या खोलीत लाल दिव्याखाली निगेटिव्हवरून मोठे छायाचित्र करण्याचे यंत्र असे. डिजिटल कॅमेरे आले आणि या खोल्या एकेक करून बंद पडल्या. यंत्रे भंगारात गेली. त्यांची भिंगे मात्र पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात, आणि बंद पडलेल्या स्टुडिओंच्या कपाटांत अजून सापडतात. निकॉनचे एल-निक्कोर, श्नायडरचे कॉम्पोनॉन, रोडेनस्टॉकचे रोडागॉन ही त्यांतली नावाजलेली घराणी. सपाट निगेटिव्हवरचा बारीकसारीक तपशील सपाट कागदावर, मधोमध आणि कोपऱ्यांतही सारख्याच नेटकेपणाने उतरवणे, हे या भिंगांचे एकमेव काम होते. वस्तू जवळ असताना तिचे मोठे रूप करणे हाच त्यांचा धर्म असल्यामुळे मुंगीसमोर उभे केल्यावरही ती बुजत नाहीत. दूरचे डोंगर आणि माणसांचे चेहरे टिपण्यासाठी घडवलेले नेहमीचे भिंग इतक्या जवळ आणले की अनेकदा कडांना धूसर होते.

आता थोडे गणित. दहावीच्या विज्ञानात भिंगांचे प्रकरण असते. नाभीय अंतर, प्रतिमेचे अंतर, विशालन हे शब्द मुले पाठ करतात, आकृती काढतात, गुण मिळवतात आणि विसरतात. भाता हे प्रकरण हातात आणून देतो. ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग सेन्सरपासून १०० मिलिमीटरवर नेले की वस्तू सेन्सरवर जशीच्या तशी, एकास एक उमटते. १५० मिलिमीटरवर नेले की दुप्पट, २०० वर तिप्पट. हे पडताळण्यासाठी शिक्षकाच्या शब्दावर विसंबण्याचीही गरज नाही. भाता जागचा हलू न देता कंपासपेटीतली पट्टी भिंगासमोर धरावी. ३६ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर पट्टीचे १८ मिलिमीटर मावले, तर विशालन दोन. सातवीतले मूलही हे करू शकते, आणि एकदा केल्यावर पुस्तकातले सूत्र त्याला परके वाटत नाही.

मात्र मोठे करण्याची किंमत मोजावी लागते, आणि ती मोजताना दिसते, हा भात्याचा खरा गुण आहे. एकास एक विशालनाला सेन्सरवर पोचणारा प्रकाश नेहमीच्या एक चतुर्थांश उरतो. दुपटीला एक नवमांश. तिपटीला एक षोडशांश. भाता ताणत जावे तसा दर्शकातला देखावा डोळ्यांदेखत अंधारत जातो. स्पष्टतेची खोलीही आटते. एफ/५.६ वर दुप्पट विशालन केले तर जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा पापुद्रा स्पष्ट येतो. माशीचा डोळा नीट आला तर तिच्या मिशा धूसर होतात. मग हुशार मूल अ‍ॅपर्चर आणखी लहान करू पाहते, एफ/१६ वर नेते, आणि चित्र अधिक स्पष्ट होण्याऐवजी सगळेच मऊ पडते. कारण दुप्पट विशालनात तो एफ/१६ प्रत्यक्षात एफ/४८ सारखा वागतो आणि विवर्तन आपला कर वसूल करते. प्रकाश, खोली आणि तपशील या तिघांना एकाच वेळी खूश ठेवता येत नाही, ही गोष्ट मुलाला येथे स्वतःच्या बोटांनी कळते. आजची तयार मॅक्रो लेन्स उत्तमच असते. पण तिच्यात हे सगळे व्यवहार पडद्याआड होतात. मोबाइलचा मॅक्रो कॅमेरा तर चित्रावर परस्पर कारागिरी करून ते हातात ठेवतो. मला मोबाइलचे वावडे नाही. शिकण्याचे साधन म्हणून मात्र मी उघडा व्यवहार दाखवणाऱ्या भात्याच्या बाजूने आहे.

जोडणीविषयी दोन-तीन गोष्टी सांगून टाकतो, म्हणजे प्रयोगशाळा-सहायकांची धावपळ वाचेल. बहुतेक लहान एनलार्जर-भिंगांचे आटे ३९ मिलिमीटरचे असतात. भात्याला बसवण्यासाठी एक जोडकडे लागते, ते सहज मिळते. विशालन एकाहून पुष्कळ वाढवायचे असेल तर भिंग उलटे बसवावे. एनलार्जरमध्ये त्याची जी बाजू लहानशा निगेटिव्हकडे असे, ती येथे लहानशा किड्याकडे यावी, इतकाच त्यामागचा तर्क. काही भिंगांना अंधारात अ‍ॅपर्चरचे आकडे वाचता यावेत म्हणून प्रकाशाची एक छोटी खिडकी ठेवलेली असते. तिच्यातून नको तो उजेड आत शिरतो; ती काळ्या पट्टीने झाकावी. भिंगात विजेचे संपर्कबिंदू नसल्यामुळे कॅमेऱ्याला सगळे हाताने सांगावे लागते. फ्लॅशच्या पुढे ट्रेसिंग पेपर धरला की उजेड मवाळ होतो.

शिक्षणासाठी असे कॅमेरे वापरण्याची कल्पना काही माझी नव्हे. बर्लिनच्या एका कलाविद्यालयात कार्ल ब्लॉसफेल्ट नावाचे शिक्षक जिवंत वनस्पतींवरून आकार घडवण्याचा विषय शिकवीत. विद्यार्थ्यांना देठ, कळ्या, कोंब यांची रचना दिसावी म्हणून ते स्वतः बनवलेल्या लाकडी कॅमेऱ्याने त्यांची कितीतरी पटींनी मोठी केलेली छायाचित्रे घेत. ती वर्गासाठीची साधने होती; अनेक वर्षे त्यांना कोणी कला म्हटले नाही. १९२८ मध्ये त्यांतील १२० छायाचित्रांचे ‘उरफॉर्मेन डेर कुन्स्ट’, म्हणजे कलेची आदिरूपे, हे पुस्तक निघाले आणि साठी ओलांडलेला हा शिक्षक अचानक प्रसिद्ध झाला. त्यांच्याच वर्षी, १८६५ मध्ये, जन्मलेला अमेरिकेतील व्हर्माँटचा विल्सन बेंटली हा शेतकऱ्याचा मुलगा. शाळा अशी त्याला फारशी मिळाली नव्हती, आईनेच घरी शिकवले. त्याने सूक्ष्मदर्शकाला भात्याचा कॅमेरा जोडला आणि १८८५ च्या जानेवारीत, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, हिमकणाचे पहिले छायाचित्र घेतले. पुढे आयुष्यभरात पाच हजारांहून अधिक. विषय आपला नाही, फुलाचा वा किड्याचा नाही. पण विरघळण्याआधी टिपण्याची त्याची घाई ज्याने पहाटे दवात भिजलेला चतुर पाहिला आहे, त्याला ओळखीची वाटेल.

आता मूळ वादाकडे येतो.

स्पष्टतेचा पापुद्रा पाव मिलिमीटरचा असेल, तर संपूर्ण कीटक स्पष्ट कसा आणायचा? त्यावरचा आजचा उपाय म्हणजे भाता किंवा कॅमेरा केसभर पुढे सरकवीत अनेक छायाचित्रे घ्यायची आणि संगणकावर त्यांतला स्पष्ट भाग तेवढा एकत्र विणायचा. या तंत्राची किमया पाहायची असेल तर ब्रिटिश छायाचित्रकार लेव्हॉन बिस यांची ‘मायक्रोस्कल्प्चर’ ही चित्रमाला पाहावी. २०१६ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या निसर्गेतिहास संग्रहालयात तिचे प्रदर्शन भरले. संग्रहालयातल्या एकेका कीटकाच्या चित्रासाठी आठ हजारांहून अधिक छायाचित्रे जोडली होती. काम थक्क करणारे आहे, आणि कीटक संग्रहालयाचेच असल्यामुळे त्यात कोणाचा नवा बळी नव्हता. पण ते पाहून जो शिकाऊ छायाचित्रकार पेटतो, त्याच्याजवळ संग्रहालय नसते. त्याच्याजवळ घरचा फ्रिज असतो. हलणारा कीटक शंभर छायाचित्रांपुरता स्थिर राहत नाही. मग त्याला डबीत घालून गारठवायचे, त्याने भागले नाही तर मारायचे, सुईच्या टोकावर चिकटवायचे, आणि खाली ‘निसर्गाचा आविष्कार’ असा मथळा द्यायचा. स्पर्धांतून मिरवणारी काही छायाचित्रे या वाटेने आलेली असतात, हे या छंदातली मंडळी खासगीत मान्य करतात. उघडपणे याविषयी फारसे बोलले जात नाही, म्हणून मी बोलतो आहे.

यावर नेहमीचे उत्तर असे की, शास्त्रज्ञही कीटक मारतातच. मारतात, आणि त्यांना ते करावे लागते. कित्येक माश्या आणि भुंगेरे असे आहेत की नमुना सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्याशिवाय त्यांची जात ठरवता येत नाही. १८८३ पासून काम करणाऱ्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या संस्थेतल्या नमुन्याला जी किंमत असते, ती त्याच्याखालच्या चिठ्ठीमुळे : कोठे, केव्हा, कोणत्या झाडावर, कोणी. तो नमुना शंभर वर्षांनंतरही प्रश्नांची उत्तरे देतो. आपल्या शाळांतल्या पेट्यांची स्थिती काय असते? टोचलेले फुलपाखरू, त्याखाली ‘फुलपाखरू’ एवढीच अक्षरे, आणि दोन पावसाळ्यांत वाळवीसारखे किडे ते खाऊन टाकतात. यात ज्ञानासाठी केलेला त्याग कोठे आहे, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही. येथे रोज सकाळी पहिले शील उच्चारले जाते. भिक्षूंनी पावसाळ्यात एके ठिकाणी राहावे, या वर्षावासाच्या नियमामागेही विनयपिटक लोकांची एक तक्रार सांगते : चारिकेला निघालेले भिक्षू हिरवे अंकुर तुडवतात आणि लहान जीवांचा नाश करतात. वाळलेल्या उन्हाळ्यात जे दिसत नाही, ते पावसाळ्यात पायाखाली येते, हे निरीक्षण त्या तक्रारीत आहे. आपल्या मुलांनी त्याच पावसाळ्यात हातात जाळे आणि क्लोरोफॉर्मची बाटली घेऊन का फिरावे?

शिवाय मेलेला कीटक खोटे बोलतो. चतुराच्या डोळ्यांतले निळे-हिरवे रंग मृत्यूनंतर लवकरच विटतात. त्या संयुक्त नेत्रातल्या हजारो नेत्रिकांवरून, आपण हललो की सोबत हलणारा एक काळा ठिपका सरकताना दिसतो. तो डोळ्याचा भाग नसून आपण ज्या दिशेने पाहतो त्या दिशेच्या नेत्रिकांची काळोखी असते. विटलेल्या नमुन्यात हा खेळ कोठे पाहायचा? वर्गाच्या भिंतीवर उड्या मारणारा लहानसा कोळी घ्या. तो कीटक नव्हे, हे आठ पाय मोजून मुलांना कळतेच. पण भात्यातून त्याच्याकडे पाहिले तर पुढचे दोन मोठे डोळे कधी काळेभोर तर कधी मधासारखे फिकट दिसतात. त्याच्या डोळ्यांची भिंगे जागची हलत नाहीत. आत दृष्टिपटल हलते. ते आपल्याकडे वळले की डोळा काळा होतो. म्हणजे त्या क्षणी तो मुलाकडे पाहत असतो. मारलेल्या कोळ्याला कोणाकडे पाहायचे असते?

जिवंत कीटक स्थिर कसा मिळणार, हा प्रश्न मात्र खरा आहे. ५० मिलिमीटरचे भिंग दुप्पट विशालनाला वस्तूपासून साधारण ७५ मिलिमीटरवरच न्यावे लागते, आणि भर दुपारी कोणतेही फुलपाखरू इतकी सलगी सहन करणार नाही. उत्तर फ्रिजमध्ये नाही, पहाटेत आहे. कीटकांच्या शरीराची ऊब भोवतालच्या हवेवर अवलंबून असते. ऊन अंगावर येईपर्यंत चतुर आणि टाचण्या गवताच्या पात्यावर दवाचे थेंब अंगावर घेऊन निश्चल असतात. निळसर पट्ट्यांची एक मधमाशी आपल्याकडे आढळते. तिचे नर रात्री वाळक्या काडीला जबड्याने धरून, पाय आखडून झोपतात, कधी एकाच काडीवर ओळीने. सूर्य उगवण्याआधी त्या काडीजवळ कॅमेरा मांडून बसले तर तिप्पट विशालनाचे छायाचित्रही घेता येते, आणि ऊन आले की ती आपली उडून जाते. रात्रीपुरता कीटकाला निसर्गानेच थांबवलेले असते. आपण फक्त वेळेवर पोहोचायचे.

आणि येथे निवासी शाळेचे असे एक बळ आहे, जे शहरातल्या संपन्न शाळेला विकत घेता येणार नाही. पहाटे साडेपाचला तिची मुले आवारातच असतात. दिवसा भरणाऱ्या शाळेचा विद्यार्थी घंटेला पोहोचतो, तोवर दव उडालेले असते. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागे कढीपत्त्याचे झाड असतेच. त्याच्या कोवळ्या पानावर लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढणाऱ्या फुलपाखराचे फिकट पिवळे, मोहरीएवढे अंडे शोधावे. तिप्पट विशालनात ते चित्रात ठळक दिसते. काही दिवसांनी त्यातून जी अळी निघते ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, आणि तेच तिचे संरक्षण असते. त्याच पानाकडे रोज त्याच वेळी जाणाऱ्या मुलाला हे बदल क्रमाने टिपता येतील. आवाराच्या कडेला रुई असेल तर बिबळ्या कडवा या फुलपाखराची अळी तिच्या पानावर मिळेल. यांतल्या कशासाठीही झाड तोडावे लागत नाही की जीव घ्यावा लागत नाही.

खर्चाचा आक्षेप येईल. शाळेत जुना, अदलाबदलीच्या भिंगांचा एखादा कॅमेरा बहुधा असतोच. वापरलेला भाता आणि एनलार्जरचे भिंग मिळून जो खर्च होईल तो नव्या मॅक्रो लेन्सपुढे किरकोळ आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या घरी वा दुकानात बंद पडलेली काळोखी खोली असेल, त्यांनी कपाट उघडून पाहावे, एवढी विनंती या स्मरणिकेच्या निमित्ताने करतो. अभ्यासक्रमात हे कोठे बसते, हा दुसरा आक्षेप. भिंगांच्या प्रकरणात बसते, फुलाच्या रचनेत बसते, आणि बसत नसेल तेथे पहाट कोणाच्याही वेळापत्रकात नसते.

पहिल्या वर्षासाठी विषय एकच पुरे : एकदांडी. काही भागांत तिला दगडी पाला म्हणतात, काही ठिकाणी कंबरमोडी. मूळची अमेरिकेची, पण आता प्रत्येक कुंपणाशी आपली होऊन उगवलेली. लांब दांड्यावर एकेक फूल येते म्हणून हे नाव; आणि मुले ज्याला एक फूल समजतात ती खरे तर अनेक लहान फुलांची सभा असते. कडेला पांढरट, टोकाशी तीन दात्यांची मोजकी पुष्पके, मध्ये पिवळ्या पुष्पकांची दाटी. ही पिवळी पुष्पके कडेकडून मध्याकडे उमलत जातात, प्रत्येकातून दोन फाट्यांची कुक्षी बाहेर येते, आणि तिच्यावर चिकटलेले परागकण तिप्पट विशालनात वेगळे मोजता येतात. वारा असेल तर दांडा दोन काड्यांमध्ये अलगद टेकवावा. एकाच फुलाचे सलग काही पहाटे छायाचित्र घ्यावे, भाता १५० मिलिमीटरवर पक्का करून. आणि दर पहाटे फूल टिपून झाल्यावर, काहीही न हलवता, पट्टीचेही एक छायाचित्र घ्यावे. वहीत दिनांक, वेळ, जागा आणि त्या फुलावर कोण येऊन गेले ते लिहावे.